बुधवारचा उपास

बुधवारी हर्षाली घरून डबा नेतच नव्हती. कशाला नेईल? बुधवारी सकाळी कुसाबाई सायखेड्याहून डायलिसिसला यायची आणि येताना हर्षालीसाठी चार कप्प्यांचा डबा घेऊन यायची. बाजरीची भाकरी, मेथीची नाहीतर शेपूची भाजी, ठेचा, आणि एका कप्प्यात अख्खा कांदा. कांदा! नाशकात!

"अहो मावशी, इथं मिळतो कांदा," हर्षाली दर बुधवारी म्हणायची.

"मिळत आसंल. पण आपल्या वावरातला नाय ना मिळत," कुसाबाई दर बुधवारी म्हणायची. "आन सुरीनं कापू नका. बुक्कीनं फोडा."

आणि हर्षाली दर बुधवारी गपचूप सुरीनंच कापायची, कारण बुक्कीनं तिला जमायचंच नाही.

तर हर्षाली म्हणजे डॉक्टर हर्षाली देवरे. मूळची कळवणची, आता पंचवटीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात सर्जन. तिची कामं दोन, आणि दोन्ही अशी की लग्नाच्या पंगतीत कोणी विचारलं, 'तुम्ही कशाच्या डॉक्टर?' तर तिनं उत्तर दिल्यावर शेजारच्या बाईचा घास हातातच राहायचा. एक म्हणजे मोठ्या आतड्याची आणि गुदाशयाची ऑपरेशनं. दुसरं, ज्यांच्या किडन्या गेल्यात त्यांच्या हातातल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडून द्यायच्या, म्हणजे शीर फुगून जाड होते आणि डायलिसिसची सुई नीट बसते. त्या जोडाला फिस्टुला म्हणतात. कान लावला तर आत घूं घूं वाजतं. कुसाबाई तो हात शेजारच्या पोरांना ऐकायला द्यायची, वर सांगायची, "आमच्या मॅडमनी मोटर बसवलीय."

आता गंमत बघा, ही दोन्ही कामं एकाच माणसावर येऊन पडली की काय होतं? डायलिसिसवरच्या माणसाला आतड्याचा कॅन्सर झाला तर? कॅन्सरचा भाग कापायचा, उरलेली टोकं शिवून जोडायची. पण डायलिसिसवाल्यांची जखम लवकर भरत नाही, तो जोड फुटायची भीती. म्हणून जुने मोठे सर्जन सरळ सांगायचे, जोडूच नका, पोटाला भोक करून कायमची पिशवी लावा, मोकळे व्हा.

हर्षाली नवीन नवीन असताना तिनंही एकीला अशीच पिशवी लावली होती. लंकाबाई नाव. ऑपरेशन एकदम झकास. आणि सहा महिन्यांनी लंकाबाई तपासायला आली तेव्हा खुर्चीवर बसेना, दारातच उभी. म्हणे घरात हिला स्वयंपाकाला हात लावू देत नाहीत, देवळाची पायरी तिनं स्वतःच सोडलीय. त्या दिवशी हर्षालीनं मनाशी ठरवलं, डायलिसिसवर असला म्हणून काय झालं, मी जोडून दाखवीन. कायमची पिशवी नाही म्हणजे नाही.

आणि नऊ वर्षं तिनं तेच केलं. जोड भरेपर्यंत काही महिने तात्पुरती पिशवी, मग ती बंद. डायलिसिस कोणत्या दिवशी करायचं, रक्त पातळ करायचं औषध कधी थांबवायचं, सगळं लिहून, मोजून, पुन्हा बदलून. अडतीस पेशंट झाले. जोड फुटला फक्त दोघांचा! आज तेहेतीस जण येऊन जाऊन असतात. त्यातली एक कुसाबाई. तिची पिशवी बंद होऊन सव्वा वर्ष झालं होतं. प्रत्येकाकडून दर तीन महिन्यांनी एक फॉर्म भरून घ्यायचा. फॉर्म हर्षाली स्वतः विचारायची, शेजारी तिची ज्युनियर, सायली, पेन घेऊन. दिवसातून किती वेळा जावं लागतं? ताबा राहतो का? आणि उत्तरं काय सुंदर! दोनदा. तीनदा. एकदम मस्त, मॅडम. तीन आठवड्यांनी कोचीला सर्जन लोकांची मोठी परिषद होती आणि तिथं हर्षालीला हे सगळं मांडायचं होतं. त्या बुधवारी सकाळीच मेल आली होती, तुमचं भाषण मुख्य हॉलमध्ये!

त्या खुशीत तिनं काय केलं, तर डबा घेऊन थेट डायलिसिसच्या खोलीत गेली. एरवी ती आपल्या केबिनमध्ये खायची. आठ मशीनं, आठ पलंग, आणि मध्ये दिनेश. दिनेश टेक्निशियन, पेठकडचा, त्याला प्रत्येकाचं वजन आणि प्रत्येकाच्या जावयाचं गाव तोंडपाठ.

"मावशी, सरका जरा. आज आपण दोघी जेवू."

कुसाबाईच्या डाव्या हातात दोन सुया. उजवा हात तिनं पटकन पदराखाली घेतला. "आता? हितं?"

"का? ते खंडेराव काका बघा, मशीनवर बटाटेवडा खातायत."

"मी कुठं!" पलीकडच्या पलंगावर खंडेरावांनी कागद उशीखाली सारला.

"काका, किडनीवाल्यांना बटाटा बंद!" दिनेश तिकडून ओरडला.

"मला नको मॅडम," कुसाबाई म्हणाली. "उपास हाय."

"आज? बुधवारी? बुधवारी कोणाचा?"

कुसाबाईनं छताकडं बघितलं. "पांडुरंगाचा."

"पांडुरंगाचा एकादशीला ना?"

"आमच्यात बुधवारी बी आसतो."

आता दिनेश भाबडा, तो मदत करायला गेला. "मॅडम, यांचे लय उपास. सोमवारी महादेवाचा, शुक्रवारी देवीचा. पाणीबी नाय घेत इथं."

सोमवार, बुधवार, शुक्रवार. हर्षालीच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला. कारण कुसाबाईचे डायलिसिसचे वार कोणते? सोमवार, बुधवार, शुक्रवार.

"आणि मंगळवारी, मावशी?"

"मंगळवारी कशाला उपास? मंगळवारी जेवते की मी!" म्हणाली आणि जीभ चावली.

आणि नेमकं तेव्हाच मशीन केकाटायला लागलं. कुसाबाईचं बीपी एकदम खाली. डोळे फिरले, कपाळावर घाम. दिनेशनं पलंगाची पायाकडची बाजू उचलली, सलाइन सोडलं, हर्षालीनं बोटाला टोचून साखर बघितली तर तीही तळाला. "हे यांचं दर वेळी होतं," दिनेश पुटपुटला. दर वेळी! आणि हर्षालीच्या फायलीत लिहिलेलं, प्रकृती उत्तम.

पाचेक मिनिटांनी कुसाबाईनं डोळे उघडले. हर्षाली पलंगाच्या कडेला बसलेली, तिचा घूं घूं वाजणारा हात धरून.

"मावशी, खरं सांगा. दिवसातून किती वेळा जावं लागतं?"

"दोनदा."

"मावशी."

कुसाबाई एकदम हळू, पलीकडं खंडेरावांना ऐकू जाणार नाही अशी, "अकरा. कधी तेरा. उठायच्या आतच व्हतं कधी कधी."

"आणि मशीनवर असताना?"

"येकदा झालं. हितंच. सुया टोचलेल्या, उठू कशी? या दिनेशनं पडदा ओढला, समदं आवरलं, आन पोरानं आजवर कुनाला सांगितलं नाय." दिनेश मशीनच्या मागं काहीतरी शोधायला लागला. तिथं काहीही नव्हतं. "तवापासून ठरवलं, आदल्या सांजंपासून तोंड बंद. पोटात काय नाय तर येनार कुठनं?"

"मग मला का नाही सांगितलं? एवढ्या वेळा विचारलं मी!"

"तुम्हीच इचारलं ना, म्हनून." कुसाबाईनं तिच्याकडं असं बघितलं, जणू एवढं साधं हिला कळत नाही. "माझा जीव तुम्ही वाचवला. तुमच्याच तोंडावर तुमच्या कामाला नाव ठेवू? ती सायली पेन घेऊन बसायची, दोन म्हनलं की हसायची. अकरा म्हनले असते तर त्या पोरीचं तोंड एवढुसं झालं असतं."

"मी तीन सांगितले," खंडेराव पलीकडून बोलले. सगळं ऐकत होते ते! "खरे सात. आमचं ठरलंच होतं ना मॅडम. तुमचा पेपर पास झाला पाहिजे म्हणून."

"कोणाचं ठरलं होतं?"

"सगळ्यांचंच. मंगळवारच्या बॅचचं पण. त्यांचं बरंय, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. तिन्ही वार भरलेले. आमचाच बुधवार मेला उघडा पडला."

हर्षालीला हसावं की रडावं कळेना. ती डबा तसाच घेऊन केबिनमध्ये गेली आणि तेहेतीस फायली टेबलावर काढून बसली. दोन, तीन, दोन, दोन, एक. सगळी उत्तरं किती प्रेमाची! त्यातलं खरं कुठलं, देव जाणे.

सायली आली, तिनं ऐकलं, आणि बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, फॉर्मवर जे आहे ते आहे ना? आपण खोटं नाही लिहिलं. पेशंटनं सांगितलं ते लिहिलं. आणि जोड तर दोनच फुटले, ते तरी खरंय."

खरंच होतं ते. कोणाला कळणार होतं? कोचीच्या मुख्य हॉलमध्ये कोण सायखेड्याच्या कुसाबाईला विचारायला येणार होतं? हर्षालीला दहा सेकंद, नाही, चांगली दोन मिनिटं तसं वाटलं. नऊ वर्षं काय थोडी असतात? पण समोर तो डबा. भाकरी बनवणारी बाई आदल्या संध्याकाळपासून उपाशी. पहाटे उठून, चूल पेटवून, दुसऱ्यासाठी भाकरी थापून, ती न खाता बांधून आणायची. आणि आपण सव्वा वर्ष ती मिटक्या मारत खाल्ली.

तिनं कोचीला मेल टाकली. माझे आकडे चुकलेत, पुन्हा विचारावे लागतील, या वर्षी माझी जागा दुसऱ्या कोणाला द्या.

"आता पुन्हा कोण विचारणार?" सायली म्हणाली. "मी विचारलं तरी दोनच सांगतील."

"आपण नाहीच विचारायचं," हर्षाली म्हणाली.

पुढच्या सोमवारी तिनं कुसाबाईच्या हातात कोरी वही ठेवली. म्हणाली, मावशी, तुम्ही विचारा सगळ्यांना. वहीवर नाव नाही लिहायचं, आणि मला कोण काय म्हणालं ते सांगायचं नाही. कुसाबाईला लिहिता येत नव्हतं, तर तिची सून सरिता लिहायला बसली. फॉर्ममधला पहिला प्रश्न सरितानं वाचून दाखवला. 'गेल्या चार आठवड्यांत आपणास शौचवेगावर नियंत्रण राखणे शक्य झाले का?'

"आसं कोन बोलतं?" कुसाबाई म्हणाली. "लिही. घरातनं निघताना, जिथं जायाचं तिथं संडास कुठंय ते आधी इचारता का. लग्नाला गेला तर कुठं बसता, पुढं का दारापाशी. यस्टीत बसता का. सूनबाईच्या आधी न्हाणीत जाऊन लुगडं धुता का. आन मशीनच्या दिशी जेवता का."

पाच प्रश्न! हर्षालीनं वाचले आणि वाचतच राहिली. नऊ वर्षांत एकदाही तिच्या डोक्यात आलं नव्हतं की लग्नात माणूस कुठं बसतो हे विचारायचं असतं.

महिन्याभरात वही भरली. तेहेतीसपैकी बारा जण खरंच मजेत होते, हेही काही कमी नाही. बाकीच्यांचं काहीबाही. पण चौदा, चौदा जण डायलिसिसच्या दिवशी उपाशी येत होते. हर्षालीनं एकेकाला बोलावलं, आता लपवायला काही उरलं नव्हतं ना, तर लोकही बोलायला लागले. गोळ्या दिल्या, काय खायचं काय नाही ते सांगितलं, घरी आतडं धुवायची एक पद्धत असते, सकाळी पाणी सोडून मोकळं व्हायचं आणि दिवस निवांत काढायचा, ती सायलीनं शिकवली, तीही डायलिसिसवाल्यांना चालेल अशा मोजून पाण्यात. बऱ्याच जणांना गुण आला. खंडेराव सातावरून तीनावर आले, आणि आता तीन हे खरे तीन होते.

कुसाबाई अकरावरून सातावर आली. तिथंच अडकली. दोन महिने झाले तरी सातच. बुधवारी अजून उपासच.

मग एका बुधवारी हर्षाली तिच्या पलंगाशी बसली आणि म्हणाली, "मावशी, अजून एक गोळी बदलून बघू का?"

कुसाबाईनं मान हलवली. काहीतरी तोंडाशी आलेलं ती गिळत होती, हर्षालीला दिसत होतं.

"बोला ना. आता तर वहीसुद्धा तुमचीच आहे."

"तुम्हाला वाईट वाटंल."

"वाटू दे."

"पिशवी परत लावता येती का, मॅडम?"

पिशवी! नऊ वर्षं जिच्याशी भांडली ती पिशवी! तिच्या डोळ्यांसमोर लंकाबाई आली, दारातच उभी.

"पण मावशी, लोक काय... घरात कोणी काही..."

"सरिता? ती काय बोलनार? तिला समदं ठाव हाय." कुसाबाई आता थांबेना. "पिशवी व्हती तवा मी पोटभर जेवून यायची. मशीनवर निवांत झोपायची. बहिणीच्या नातीच्या लग्नात पुढं बसले व्हते मी, नवरीच्या मागं, फोटूत हाय बघा. तुम्ही म्हनला, मावशी, आता काढू या, आन किती खुश व्हता तुम्ही. म्हनलं, काढू द्या. त्यांची हौस हाय."

त्यांची हौस. लंकाबाईला पिशवी नको होती, हे तिनं ऐकलं होतं. पण बाकी अडतीस जणांना तिनं कधी विचारलं का, की तुला काय हवंय? त्यांना तिनं फक्त विचारलं, किती वेळा.

तिनं झिपरूला विचारलं. झिपरू सुरगाण्याकडचा, दिवसातून नऊ वेळा जाणारा, तो हात जोडूनच उभा राहिला. "मॅडम, नऊ काय, वीस वेळा जाईन. आमचं रान मोकळं पडलंय. पण पिशवी नको, माझं नाचणं बंद होतं तिच्यानं." म्हणजे बघा! एकाला नऊ चालतात, एकीला सात जड होतात. आणि हे कुठल्या आकड्यात मांडायचं?

ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी हर्षाली निळं पेन घेऊन कुसाबाईच्या पलंगाशी गेली. पिशवीची जागा आधी ठरवावी लागते, आणि हे काम ती एरवी ज्युनियरवर सोडायची. पेशंट आडवा, पोटावर फुली, झालं. आज तिनं कुसाबाईला उभं केलं, नऊवारी नेसायला लावली, बसवलं, वाकवलं, उकिडवं बसवलं, चुलीपुढं बसल्यासारखं.

"ओचा इथं येतो?"

"थोडा वर. भाकरी थापताना पोटाला हितं वळी पडती, बघा. तिच्यावर नको."

"इथं?"

"हां. आन गाठीच्या खाली नको, काचंल."

तीनदा पुसून चौथ्यांदा हर्षालीनं फुली मारली. कुसाबाईनं ती निरखून बघितली, जसं कोणी घराचा पाया आखून झाल्यावर बघतं. मग हर्षालीच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "रडता कशाला? ह्या वेळी माझी हौस हाय."

ऑपरेशन छोटंच होतं, नीट झालं. या वेळी मोठ्या आतड्याची पिशवी, पहिल्या, लहान आतड्याच्या पिशवीसारखी पातळ पाण्याची कटकट नाही. आठवडाभरानं कुसाबाई घरी गेली.

आणि हर्षालीनं पेपर नव्यानं लिहायला घेतला. आता त्यात कुसाबाईचे पाचही प्रश्न होते, लग्नात कुठं बसता हासुद्धा. सायली म्हणाली, "मॅडम, हे इंग्रजीत कसं लिहायचं?" हर्षाली म्हणाली, "जसं त्या बोलल्या तसं." जोड सहसा फुटत नाही हे पहिल्या पानावर होतं, आणि चौदा जण उपाशी येत होते हेही पहिल्याच पानावर होतं. कोणी छापेल का, माहीत नव्हतं. दोन ठिकाणांहून तो परत आला होता. तिसऱ्या ठिकाणी पाठवायचा तो दिवस बुधवारच होता, दुपारचे दोन वाजलेले, आणि हर्षाली सकाळपासून त्याच्यातच अडकलेली, तोंडात पाण्याचा घोट नाही.

दिनेशनं निरोप आणला. "मावशी बोलावतायत."

ती गेली तर कुसाबाई पलंगावर टेकून बसलेली. डावा हात मशीनला, उजव्या हातात भाकरी. गाल फुगलेले, ओठाला ठेचा लागलेला. मशीन आपलं शांतपणे फिरत होतं, बीपी एकशे तीस.

"या, बसा. जेवा."

"नको मावशी, माझं झालं."

"काय झालं?"

"जेवण झालं."

कुसाबाईनं चावायचं थांबवलं. "डबा हितं माझ्याकडं. बुधवारी तुम्ही घरनं काय आनत नाय. मग जेवन कुठलं झालं?" आणि मान तिरकी करून, "आज कुनाचा उपास मॅडम? पांडुरंगाचा?"

खंडेराव पलीकडं खो खो हसले. दिनेश तोंड फिरवून हसला. हर्षाली बसली, पलंगाच्या कडेला, डब्याचं झाकण मांडीवर घेऊन.

"मला येका हातानं फुटत नाय," कुसाबाईनं अख्खा कांदा तिच्या पुढ्यात ठेवला. "फोडा. सुरीनं नाय हां."

हर्षालीनं मूठ वळली आणि मारली. कांदा झाकणावरून टुणकन उडाला आणि खंडेरावांच्या पलंगाखाली गेला.

"आगं बया!" कुसाबाई म्हणाली. "आन हिच्या हातात मी आतडी दिली माझी."

दिनेशनं कांदा शोधून आणला, पुसून दिला. हर्षालीनं तो पुन्हा झाकणावर ठेवला. कुसाबाईनं भाकरी खाली ठेवली, आपला मोकळा हात पुढं केला, हर्षालीची मूठ धरून जरा तिरपी केली, अंगठा आत घातला.

"आसं. आता मारा."